हापूसला कल्टार देताना : मोहोर हवाच, पण झाडही टिकले पाहिजे

जुलै संपत येतो, पावसाची झड थोडी कमी होते आणि रत्नागिरी, राजापूर, लांजा, संगमेश्वर या भागातील हापूसच्या बागांत पहार, बादली आणि मापाचा पेला घेतलेली माणसे दिसू लागतात. कलमांच्या बुंध्याभोवती खड्डे मारून त्यांत 'कल्टार' ओतण्याचे हे दिवस. पुढच्या हंगामाचा मोहोर किती येणार, आंबा वाशीच्या बाजारात केव्हा पोहोचणार आणि वर्षाचे गणित कसे बसणार, याचा पाया या पंधरा-वीस दिवसांत घातला जातो.

कल्टार हे मूळचे एका व्यापारी उत्पादनाचे नाव. कोकणात ते इतके रुळले आहे, की कोणत्याही कंपनीच्या बाटलीला बागायतदार कल्टारच म्हणतात. त्यातील क्रियाशील घटकाचे नाव पॅक्लोब्युट्रॅझॉल असे आहे. या संजीवकाने हापूसच्या शेतीत मोठा बदल घडवून आणला हे खरे. पण योग्य मात्रेत आणि योग्य झाडाला दिले तरच ते लाभते, हेही तितकेच खरे. अंदाजाने, दरवर्षी आणि सरसकट सगळ्या कलमांना ते दिल्यामुळे चांगल्या बागा खंगल्याची उदाहरणे आपल्या आसपास आहेत. म्हणून हे संजीवक काम कसे करते, कोणत्या झाडाला द्यावे, किती द्यावे आणि दिल्यानंतर झाडाचे देणे कसे फेडावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

हापूस एक वर्षाआड का धरतो?

हापूसची चव, रंग आणि वास यांना तोड नाही, पण ही जात धरण्याच्या बाबतीत लहरी आहे. एका वर्षी भरघोस पीक आले की दुसऱ्या वर्षी झाड विश्रांती घेते. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या शेंड्यावर येतो. ज्या फांदीने यंदा फळे पोसली, तिच्यातील अन्नसाठा फळांबरोबर संपतो. फळे उतरल्यानंतर तिला नवी पालवी उशिरा फुटते आणि ती काडी हिवाळ्यापर्यंत जून होत नाही. कोवळ्या काडीला थंडी मिळाली तरी ती मोहोर देत नाही. त्यातच पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात झाडे पुन्हा पालवतात आणि मोहोर आणखी मागे पडतो.

झाडाने पालवी काढायची की मोहोर, हे ठरविण्यात जिबरेलिन या वाढ घडविणाऱ्या नैसर्गिक द्रव्याचा मोठा वाटा असतो. काडीत जिबरेलिनचे प्रमाण जास्त असेल तर झाडाचा कल पालवीकडे राहतो. ते घटले की कल मोहोराकडे झुकतो. पॅक्लोब्युट्रॅझॉल झाडात जिबरेलिन तयार होण्याची क्रिया रोखते. मुळांवाटे शोषले गेलेले हे द्रव्य खोडातून शेंड्यापर्यंत चढते, पालवीची वाढ थांबवते आणि काडी लवकर जून होते. त्यामुळे मोहोर काही आठवडे अगोदर येतो आणि 'विश्रांतीच्या' वर्षीही येतो.

येथे एक गोष्ट मनाशी पक्की करावी. पॅक्लोब्युट्रॅझॉल हे खत नाही. त्यात झाडाचे अन्न अजिबात नाही. झाडाजवळ जे अन्न साठलेले आहे, ते पालवीऐवजी मोहोराकडे वळविण्याचे काम तेवढे ते करते. साठा असेल तर मोहोर चांगला पोसतो. साठा नसेल तर झाड आपल्या शरीरातले अन्न काढून मोहोर देते आणि दोन-तीन वर्षांत त्याची किंमत मोजते.

दापोलीचे संशोधन

हे रसायन ब्रिटनमधील आय.सी.आय. या कंपनीने शोधले. हापूसवर त्याचा उपयोग कसा करावा याचे प्रयोग दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात झाले. हापूसची शाकीय वाढ रोखून दरवर्षी आणि लवकर पीक घेण्याविषयी बुरोंडकर व गुंजाटे या शास्त्रज्ञांचा निबंध १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रसिद्ध झाला. नंतर ही शिफारस बागायतदारांपर्यंत पोहोचली आणि तिचा वापर झपाट्याने वाढला.

एक वर्षाआड धरण्यावर विद्यापीठाने दुसऱ्या वाटेनेही उपाय शोधला आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' ही जात, आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये पातळ कोयीची 'सिंधू' ही जात प्रसारित झाली. नवी लागवड करताना अशा जातींचा विचार जरूर करावा. पण कोकणात हजारो हेक्टरवर उभा आहे तो हापूसच, आणि १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाल्यावर कातळावर व डोंगरउतारावर लावलेली कलमेही आता भर उत्पादनाच्या वयात आहेत. ही झाडे टिकविणे हाच आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

कोणत्या झाडाला द्यावे, कोणत्या नाही

बाटली उघडण्यापूर्वी बागेत एक फेरी मारावी आणि झाडामागून झाड पाहून खूण करावी. चुना आणि कुंचला पुरतो. पुढील झाडांना हे संजीवक द्यावे :

१) वय दहा वर्षांपेक्षा जास्त आणि वाढ जोमदार.
२) पाने गर्द हिरवी, पानांची दाटी चांगली, खोड निरोगी.
३) पालवी भरपूर येते, पण मोहोर कमी किंवा एक वर्षाआड येतो.
४) दरवर्षी शेणखत व रासायनिक खते मिळालेली.

पुढील झाडांना मात्र देऊ नये :

१) दहा वर्षांच्या आतील कलमे. त्यांचे वय अंग धरण्याचे आहे. आताच वाढ रोखली तर झाड कायमचे खुजे राहील.
२) खोडकिड्याने पोखरलेली, डिंक गळणारी किंवा फांद्या शेंड्याकडून वाळत चाललेली झाडे.
३) बांडगुळाने ग्रासलेली झाडे. आधी बांडगूळ असलेली फांदी बांडगुळाच्या खालून कापून काढावी.
४) नुकतीच जोरदार छाटणी करून पुनरुज्जीवन केलेली जुनी झाडे. त्यांना आधी नवा विस्तार उभा करू द्यावा.
५) मागील वर्षी फार मोठे पीक देऊन थकलेली, पाने पिवळट पडलेली झाडे.
६) काही न देताही नियमित मोहोरणारी झाडे. बागेत अशी थोडी झाडे असतातच. त्यांच्यावर खर्च करण्याचे कारण नाही.

शंभर कलमांच्या बागेत साठ झाडे पात्र ठरली तर साठांनाच द्यावे. उरलेल्या चाळीस झाडांची यंदा सेवा करावी म्हणजे त्यांतील पुष्कळशी पुढे पात्र होतील.

मात्रा कशी काढावी

मात्रा झाडाच्या वयावर ठरत नाही, विस्तारावर ठरते. विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम क्रियाशील पॅक्लोब्युट्रॅझॉल द्यावे. बाजारात नेहमी मिळणाऱ्या २३ टक्के तीव्रतेच्या द्रावणाच्या बाबतीत हे प्रमाण दर मीटरला ३ मिलिलीटर एवढे होते.

व्यास मोजण्यासाठी टेप किंवा खुणा केलेली दोरी घ्यावी. भर दुपारच्या सावलीवर विसंबू नये. फांद्यांच्या टोकांखाली जमिनीवर खूण करून पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर अशी दोन मापे घ्यावीत व त्यांची सरासरी काढावी. समजा, पूर्व-पश्चिम माप ९ मीटर आणि दक्षिण-उत्तर माप ७ मीटर आले. सरासरी ८ मीटर झाली. ८ गुणिले ३ म्हणजे या झाडाला २४ मिलिलीटर औषध लागेल. ५ मीटर व्यासाच्या झाडाला १५ मिलिलीटर आणि १२ मीटरच्या झाडाला ३६ मिलिलीटर पुरते.

आता पाहा, बागेतील मोठ्या झाडाचे ३६ मिलिलीटरचे माप ठरवून तेच सगळ्यांना ओतले, तर ५ मीटरच्या कलमाला जवळजवळ अडीचपट मात्रा पडते. बागा खंगण्याचे पहिले कारण हेच आहे. 'थोडे जास्त पडले तर मोहोर जास्त येईल' हा समज चुकीचा आहे.

बाजारात २३ टक्क्यांपेक्षा जास्त तीव्रतेचीही उत्पादने मिळतात. त्यांना ३ मिलिलीटरचा हिशेब लागू पडत नाही. बाटलीवरील तीव्रता वाचूनच मात्रा ठरवावी आणि शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाकडे विचारावे. लेबल नसलेले, सुटे, स्वस्त म्हणून कोणी आणून दिलेले औषध मुळीच घेऊ नये. पक्की पावती घ्यावी.

देण्याची वेळ आणि पद्धत

१५ जुलै ते १५ ऑगस्ट हा काळ योग्य आहे. या वेळी जमिनीत ओल असते, मुळे काम करीत असतात आणि मोहोरापूर्वी औषध शेंड्यापर्यंत पोहोचण्यास पुरेसा अवधी मिळतो. मुसळधार पावसात औषध वाहून जाते, म्हणून उघडीप पाहून काम करावे. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उशीर झाला तर त्या वर्षी पुरेसा परिणाम मिळत नाही, पण औषध मात्र जमिनीत राहते.

१) झाडाखालील गवत व तण आधी काढून घ्यावे. नाहीतर औषधाचा काही भाग तणच घेते.
२) बुंधा आणि विस्ताराचा कड यांच्या मध्यावर, म्हणजे निम्म्या अंतरावर, बुंध्याभोवती वर्तुळ आखावे.
३) त्या वर्तुळावर पहारीने १० ते १२ सेंटिमीटर खोलीचे २५ ते ३० खड्डे सारख्या अंतरावर मारावेत.
४) झाडाची मात्रा ३ ते ६ लीटर पाण्यात नीट ढवळून घ्यावी. वर सांगितलेल्या झाडासाठी २४ मिलिलीटर औषध ५ लीटर पाण्यात मिसळले आणि खड्डे २५ असले, तर दर खड्ड्यात २०० मिलिलीटर द्रावण येईल.
५) द्रावण सर्व खड्ड्यांत सारखे ओतून खड्डे मातीने बुजवावेत.

उतारावरील कलमांना अर्धवर्तुळात वरच्या बाजूलाच औषध ओतण्याची घाई करू नये. मुळे चारी बाजूंना असतात. खड्डेही चारी बाजूंना हवेत. काम करताना हातमोजे वापरावेत, विहिरीजवळ किंवा पऱ्ह्याच्या कडेला बादल्या धुऊ नयेत आणि रिकाम्या बाटल्या घरात कशासाठीही वापरू नयेत. आळ्यात भाजीपाला किंवा दुसरे आंतरपीक घेऊ नये, कारण औषधाचा परिणाम त्या पिकाच्या वाढीवरही होतो.

झाडाचे देणे फेडावे

पॅक्लोब्युट्रॅझॉल दिलेले झाड दरवर्षी पीक देते. जे झाड पूर्वी दोन वर्षांत एकदा राबत होते, ते आता दरवर्षी राबते. मग त्याचा आहारही वाढायला नको का? बैलाकडून दुप्पट नांगरट घ्यायची आणि वैरण तेवढीच ठेवायची, असे कोणी शेतकरी करीत नाही. कलमाच्या बाबतीत मात्र ते सर्रास घडते.

दहा वर्षे व त्यापुढील कलमाला दरवर्षी किमान ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि १ किलो पालाश द्यावे, अशी शिफारस आहे. म्हणजे साधारण सव्वातीन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो सल्फेट ऑफ पोटॅश. संजीवक दिलेल्या झाडांना याहून कमी तर देऊच नये. मातीपरीक्षण करून आणि झाडावरील पीक पाहून मात्रा वाढवावी. खते पावसाळ्याच्या सुरुवातीस, विस्ताराच्या कडेच्या आतील बाजूस ४५ ते ६० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल चर काढून द्यावीत व चर मातीने झाकावा.

शेणखत मिळत नाही ही अडचण खरी आहे. घरोघरची गुरे कमी झाली. यावर उपाय बागेतच आहे. कुंपणाला गिरिपुष्प लावावे आणि त्याचा पाला पावसाळ्यात आळ्यात घालावा. हिवाळ्यात झाडून, पेटवून टाकला जाणारा पातेरा कलमाखालीच पसरावा. जांभ्याच्या जमिनीत पाणी आणि खत दोन्ही टिकत नाहीत. तिला सेंद्रिय पदार्थाचीच गरज अधिक.

मोहोर लवकर आल्याने संरक्षणाचा काळही लांबतो. नोव्हेंबरमध्ये फुटलेल्या मोहोराला तुडतुडे, भुरी आणि अवकाळी पावसानंतरचा करपा यांना अधिक दिवस तोंड द्यावे लागते. फवारणीचे वेळापत्रक विद्यापीठ वेळोवेळी सुधारते आणि काही जुन्या कीटकनाशकांवर बंदीही आलेली आहे. म्हणून चालू वर्षाचे वेळापत्रक मिळवूनच फवारण्या कराव्यात, दहा वर्षांपूर्वीच्या वहीवरून करू नयेत.

फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून सोय असल्यास दर झाडाला १५० ते २०० लीटर पाणी पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावे आणि आळ्यात गवताचे आच्छादन करावे. वाटाणा, गोटी आणि अंडाकृती अशा तीन अवस्थांत एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी केल्यास फळगळ कमी होऊन फळाची प्रत सुधारते. आच्छादनाने जमिनीची धग कमी होते, त्यामुळे साक्याचे प्रमाण घटण्यासही मदत होते. फळे चौदा आणे तयार झाल्यावर नूतन झेल्याने देठासह काढावीत. दरवर्षी पीक घ्यायचे तर ते वाया घालवून चालणार नाही.

मात्रा जास्त झाल्याची लक्षणे

पॅक्लोब्युट्रॅझॉलचे जमिनीत लवकर विघटन होत नाही. ते अनेक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ टिकते. मागील वर्षीची शिल्लक असताना पुन्हा पूर्ण मात्रा दिली, की परिणाम साचत जातो. झाड तो पुढील खुणांनी सांगते :

१) नव्या पालवीच्या पेरांतील अंतर फार कमी होते. पाने लहान आणि एकाच ठिकाणी झुबक्याने येतात.
२) मोहोराचा तुरा लांब न होता आखूड व गच्च, मुठीसारखा होतो. अशा मोहोरात भुरी व तुडतुडे लपून राहतात आणि फवारणी आत पोहोचत नाही.
३) जून-जुलैची पालवी येतच नाही किंवा अगदी थोडी येते.
४) शेंडे वाळतात, डिंक गळतो आणि खोडकिडा शिरतो.

पहिल्या दोन खुणा दिसताच त्या झाडाचे औषध त्या वर्षी बंद ठेवावे. शेणखत, पाला व खते द्यावीत आणि नेहमीसारखी पालवी येईपर्यंत थांबावे. चौथी खूण दिसू लागली म्हणजे आपण उशीर केला असे समजावे. अशा झाडाच्या वाळलेल्या फांद्या कापून कापाला बोर्डो पेस्ट लावावी, खोडकिड्याचा बंदोबस्त करावा आणि काही वर्षे त्याच्याकडून पिकाची अपेक्षा ठेवू नये.

बागेतील एखादी ओळ दरवर्षी औषधाविना ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. मोहोर आला तो औषधाने की चांगल्या थंडीने, हे त्या ओळीवरून कळते. शेजारच्या बागेशी तुलना करण्यापेक्षा ही तुलना खरी असते.

कराराने दिलेल्या बागा

हा विषय थोडा नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. मालक मुंबईला आणि बाग एक-दोन वर्षांच्या कराराने दुसऱ्याकडे, अशी स्थिती रत्नागिरी जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी आहे. करार घेणाऱ्याला त्याच वर्षी पैसे वसूल करायचे असतात. झाड दहा वर्षांनी कसे असेल याची काळजी त्याने वाहावी, अशी अपेक्षा करणेही चुकीचे आहे, कारण करारात तसे काही लिहिलेले नसते. मालकाला रोख रक्कम मिळते आणि झाडाची ताकद कराराबरोबर विकली जाते, हे त्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून करार कागदावर करावा आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. कोणत्या झाडांना संजीवक द्यायचे व कोणत्या झाडांना नाही. दर मीटर व्यासाला मात्रा किती. शेणखत व खते कोणी, केव्हा आणि किती घालायची. औषध देताना मालकाचा माणूस हजर राहील. प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन एका वहीत व्यास, मात्रा, तारीख, खत आणि निघालेला आंबा यांची नोंद ठेवावी. करार बदलला तरी वही बागेबरोबर राहिली पाहिजे. ती नसेल तर नवा करार घेणारा पुन्हा पूर्ण मात्रा देतो आणि मागच्यानेही दिलेली असते. करार घेणाऱ्या प्रामाणिक माणसालाही अशी वही उपयोगाचीच आहे, कारण थकलेल्या बागेत त्याचाही पैसा बुडतो.

शेवटी

ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मिळाले, ते टिकवायचे काम झाडे करणार आहेत. वाडवडिलांनी लावलेली कलमे आज आपल्याला पीक देत आहेत. चांगले जपलेले कलम पुढच्या पिढीलाही देईल. एका हंगामात चार पेट्या लवकर गेल्या म्हणून जो नफा झाला, तो झाड वाळल्यावर नवे कलम लावून, त्याला पंधरा वर्षे पाणी घालून भरून निघत नाही.

बागायतदार बंधू-भगिनींनी यंदा औषध देण्यापूर्वी निदान तीन गोष्टी कराव्यात. टेप घेऊन प्रत्येक झाड मोजावे, अशक्त झाडांना चुन्याची खूण करून वगळावे आणि औषधाच्या खर्चाशेजारी खताचा खर्च लिहून पाहावा. खताचा आकडा लहान असेल तर आपण झाडाच्या मुदलातून खात आहोत असे समजावे. अधिक माहितीसाठी डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा उद्यानविद्या विभाग, वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र येथे संपर्क साधावा.